स्मशानभूमीचा रस्ता असो की पाण्याची टाकी: गावच्या कामाला सरकारी निधी मिळवण्याचा क्रम

मराठवाड्यातल्या कुठल्याही पंचायत समितीत बांधकाम विभागाच्या टेबलाजवळ तासभर बसलात, की एक गोष्ट लक्षात येते. परत जाणाऱ्या फायलींपैकी बऱ्याच फायली "निधी नाही" म्हणून जात नाहीत. कुठे जागेचा उतारा नसतो, कुठे ठरावात कामाचं नाव मोघम असतं, तर कुठे काम भलत्याच लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या भलत्याच खात्यातून, मागितलेलं असतं. गावाला मात्र एवढंच कळतं की "वरून मंजूर झालं नाही."

हा लेख नव्याने निवडून आलेल्या सरपंच-सदस्यांसाठी आहे, आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारू पाहणाऱ्या प्रत्येक गावकऱ्यासाठीही आहे. उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत धरलं आहे: स्मशानभूमीचं शेड आणि तिथपर्यंतचा रस्ता. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून तिरडी न्यावी लागते अशी गावं आपल्याकडे अजून आहेत. म्हणून हेच काम निवडलं.

आधी कायदा थोडक्यात

दोन कायदे डोक्यात पक्के ठेवा.

पहिला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. हा मूळचा १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५९ चा तिसरा. निजामाच्या हैदराबाद राज्यातून आलेल्या आपल्या जिल्ह्यांनाही तोच लागू झाला. यातली रोज लागणारी कलमं मोजकीच आहेत: ७ ग्रामसभा, १४ सदस्याची अपात्रता, ४९ ग्रामविकास समित्या, ५७ ग्रामनिधी, ६२ अर्थसंकल्प, १२४ कर. ग्रामपंचायतीकडे येणारा प्रत्येक रुपया कलम ५७ च्या ग्रामनिधीत जमा होतो आणि अर्थसंकल्पात दाखवल्याशिवाय खर्च करता येत नाही.

दुसरा महाराष्ट्र जिल्हा नियोजन समिती (रचना व कार्ये) अधिनियम, १९९८. लोक जिला "डीपीडीसी" म्हणतात ती समिती या कायद्यावर उभी आहे. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. गावातली बरीच मोठी कामं या समितीने मंजूर केलेल्या जिल्हा वार्षिक योजनेतून होतात.

## १. काम कोणत्या पैशात बसतं ते आधी ठरवा

नवख्या माणसाची पहिली चूक इथे होते. तो "निधी द्या" म्हणतो. सरकारी दप्तरात नुसता निधी असं काही नसतं. प्रत्येक पैशाला लेखाशीर्ष असतं आणि त्या शीर्षाखाली कोणतं काम चालतं हे ठरलेलं असतं.

ग्रामपंचायतीचा स्वनिधी. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची वसुली. हा पैसा तुमचा आहे, पण सगळा मोकळा नाही. १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून खर्च करावाच लागतो. समजा वर्षाचं स्वउत्पन्न ४ लाख आहे. मग ६० हजार, ४० हजार आणि २० हजार असे १ लाख २० हजार आधी बाजूला काढायचे. उरलेल्या २ लाख ८० हजारांतून दिवाबत्ती, नळपाणी योजनेची देखभाल, किरकोळ दुरुस्ती. हे राखीव खर्च दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ढकलले जातात आणि लेखापरीक्षणात सगळ्यात आधी तेच सापडतात.

वित्त आयोगाचा निधी. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित अशी विभागणी केली. बंधितातला निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. म्हणजे १० लाख आले तर ३ लाख पिण्याचं पाणी व पावसाच्या पाण्याची साठवण, ३ लाख नाल्या-शोषखड्डे-घनकचरा, आणि ४ लाख गावाच्या इतर गरजांसाठी. या अबंधित भागातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च चालत नाही. ज्या संस्थेत निवडून आलेली मंडळी नाहीत, नुसता प्रशासक आहे, तिथे हा निधी थांबतो. पुढच्या आयोगाच्या वर्षांसाठी टक्केवारी गृहीत धरू नका. त्या वर्षाचा ग्रामविकास विभागाचा शासन निर्णय काढा आणि त्यावरून आराखडा करा.

जिल्हा वार्षिक योजना. इथे आपल्या उदाहरणाचं उत्तर आहे. दहनभूमी-दफनभूमी आणि ग्रामपंचायत भवन या कामांसाठी "जनसुविधा" हे शीर्ष आहे. मोठ्या ग्रामपंचायतींना "नागरी सुविधा". रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ हे आकडे कानावर येतील. ढोबळमानाने ३०५४ देखभाल-दुरुस्तीचं आणि ५०५४ नव्या बांधकामाचं. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीच्या कामांचा स्वतंत्र निधी आहे, पण ते काम त्या वस्तीच्या पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात असावं लागतं. बंजारा तांड्यांसाठी तांडा-वस्ती सुधार योजना, आदिवासी वस्त्यांसाठी ठक्कर बाप्पा योजना. किनवट तालुक्यातल्या पेसा गावांना (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा हे तिथली ग्रामसभा ठरवते.

आमदार निधी. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमात प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी. आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. आमदारांचं पत्र हातात आलं म्हणजे काम मंजूर झालं असं समजून नारळ फोडू नका.

२५१५. ग्रामीण भागातल्या मूलभूत सुविधांचं हे शीर्ष मंत्रालयातून, लोकप्रतिनिधींच्या शिफारशीवर चालतं. मिळालं तर उत्तम. पण गावाचा आराखडा त्याच्या भरवशावर बांधू नका.

टंचाई. उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी वेगळी वाट आहे. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. खासगी विहीर अधिग्रहण, विंधन विहीर, बुडकी (नदी-नाल्याच्या पात्रात पाण्यासाठी खोदलेला खड्डा), तात्पुरती पूरक नळयोजना, टँकर हे त्यातले उपाय. गावाचं नाव आराखड्यातच नसेल तर एप्रिलमध्ये घागरी घेऊन मोर्चा काढूनही टँकरची फाईल हळूच सरकते. म्हणून सप्टेंबर संपायच्या आत पंचायत समितीत लेखी द्या.

आपल्या कामाचा हिशेब असा लागतो: शेड जनसुविधेत. रस्ताही स्मशानभूमीचा पोहोच रस्ता म्हणून जनसुविधेत मागता येतो, किंवा वित्त आयोगाच्या अबंधित भागातून घेता येतो. पण एकच काम दोन्हीकडे मागायचं नाही. "हे काम अन्य कोणत्याही योजनेतून मंजूर नाही" असा दाखला सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या, सहीने जातो. तो खोटा ठरला तर वसुली याच दोन सह्यांवर येते.

## २. जागेचा कागद

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. बाकी सगळं दोन महिन्यांत उरकतं, जागेला वर्ष लागू शकतं.

तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, ताजा सात-बारा आणि गटाचा नकाशा घ्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर अंत्यसंस्कार होतात ती कागदावर कुणाची आहे, हे बघायला अनेक गावं पहिल्यांदाच उतारा काढतात. सापडू शकतं ते असं:

ग्रामपंचायत किंवा स्मशानभूमी अशी स्पष्ट नोंद. काम सोपं. उतारा जोडा, नमुना २४ म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत नोंद आहे का ते तपासा आणि पुढे चला.

सरकारी गायरान. जमीन सरकारची आहे, ग्रामपंचायतीची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंह निकालानंतर गायरानाबाबत महसूल खातं फार सावध असतं. स्मशानभूमी हे सार्वजनिक प्रयोजन आहे, त्यामुळे मागणी रास्त आहे, पण जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानेच मिळते. ग्रामसभेचा ठराव, लागणारं क्षेत्र आरमध्ये (१ आर म्हणजे १०० चौरस मीटर) लिहून, भूमी अभिलेखची मोजणी, मग तहसीलदारांमार्फत प्रस्ताव. "गावचंच गायरान आहे, कोण विचारतंय" म्हणून पाया खोदला तर देयक निघत नाही, आणि पुढे अतिक्रमणाचं प्रकरण उभं राहिलं तर निस्तरायला गावच जातं.

खासगी गट. सर्वांत नाजूक. शेतकरी भला असतो, "घ्या दोन आर, पुण्याचं काम आहे" म्हणतो आणि शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर संमतीपत्र होतं. त्या कागदाने मालकी बदलत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र नोंदणीकृतच असावं लागतं. दुय्यम निबंधकाकडे ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र, मग फेरफार, मग सात-बाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव, हा क्रम पूर्ण करा.

आणि सही एकाची पुरत नाही. सात-बाऱ्यावर वारसाने बहिणींची नावं लागलेली असतात. एक लातूरला, एक पुण्यात, तिसरी वारलेली आणि तिची मुलं वारस. यातल्या एकाची सही राहिली, की दहा वर्षांनी शेड पाडायची नोटीस येऊ शकते. सगळे सहहिस्सेदार तयार नसतील तर ती जागा सोडा आणि दुसरी शोधा.

इनाम किंवा वतन. आपल्याकडे निजामकाळापासूनच्या देवस्थान, खिदमतमाश (देवस्थानाच्या सेवेबद्दल दिलेली इनाम जमीन) अशा नोंदी भोगवटा आणि इतर हक्काच्या रकान्यात दिसतात. तशी नोंद दिसली तर कसलाही व्यवहार करण्याआधी तहसील कार्यालयातून लेखी अभिप्राय घ्या.

रस्त्याचीही अशीच तपासणी. तो नकाशावर गाडीवाट म्हणून आहे का? नमुना २३ म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का? जिल्हा परिषदेचा ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का? वहिवाटीचा रस्ता कुणी नांगरून किंवा काट्या लावून अडवला असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. वादातल्या रस्त्यावर निधी मागू नका. मंजूर झाला तरी खडी टाकायच्या दिवशी ट्रॅक्टर अडवला जातो आणि मार्चअखेर पैसे परत जातात.

पाण्याचं काम असेल तर जागेबरोबर उद्भवाचाही, म्हणजे पाण्याच्या स्रोताचाही, कागद लागतो: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला. बेसाल्टच्या आपल्या कातळात शंभर फुटांवर पाणी लागणारी आणि पाचशे फुटांवरही कोरडी जाणारी जागा शेजारी-शेजारी असतात. दाखल्याविना टाकी बांधली तर पाण्याशिवायची टाकी उभी राहते.

## ३. आराखड्यात नाव

ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी होतो. २ ऑक्टोबरच्या सुमारास त्याची मोहीम सुरू होते, वॉर्डसभा आणि महिला सभा घेऊन गरजा नोंदवायच्या असतात, आणि मंजूर आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो. वित्त आयोगाच्या निधीतून करायचं काम त्यात नसेल तर पैसे उचलता येत नाहीत. गावकऱ्यांनी "मेरी पंचायत" ॲपवर आपल्या गावाचा आराखडा उघडून बघावा. अनेकदा तिथे गेल्या वर्षाचीच कामं शब्दही न बदलता पुन्हा टाकलेली दिसतात.

महिला सभा नुसत्या सह्यांवर उरकू नका. हातपंपाला पाणी किती वाजता संपतं आणि नाली कुठे तुंबते, हे तिथेच नेमकं कळतं.

## ४. ग्रामसभा आणि ठराव

वर्षात किमान चार ग्रामसभा कायद्याने घ्यायच्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे रूढ दिवस. नोटीस सात दिवस आधी. फलकावर लावा, दवंडी द्या, आणि तांड्यावर किंवा वस्तीवर माणूस पाठवून सांगा. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मजकूर म्हणजे नोटीस नव्हे.

गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. ४८० मतदारांच्या गावात ७२ माणसं हवीत. १,८०० मतदार असले तर १५ टक्के म्हणजे २७० होतात, पण १०० पुरतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मात्र त्या सभेत नवा विषय घेता येत नाही. म्हणून स्मशानभूमीचा विषय मूळ नोटिशीतच स्वतंत्र क्रमांकाने लिहून घ्या. "ऐनवेळच्या विषयात घेऊ" हे ऐकून गप्प बसू नका.

ठरावाची भाषा हा पुढच्या सगळ्या फायलीचा पाया. "गावातील विविध विकासकामे करण्यास मंजुरी देण्यात येत आहे" असा ठराव कुठल्याच टेबलावर चालत नाही. असा लिहा:

> विषय क्र. ४: स्मशानभूमी येथे शेड बांधणे.
> ठराव: मौजे ——, ता. ——, जि. —— येथील गट क्र. —— मधील ग्रामपंचायतीच्या नावे असलेल्या —— आर क्षेत्रावर स्मशानभूमी शेड बांधण्यासाठी जनसुविधा योजनेतून निधी मिळण्याचा प्रस्ताव सादर करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सदर काम यापूर्वी अन्य योजनेतून झालेले अथवा मंजूर नाही. काम पूर्ण झाल्यावर देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत करील.
> सूचक: —— अनुमोदक: —— ठराव सर्वानुमते मंजूर.

गट क्रमांक, क्षेत्र, योजनेचं नाव, दुबार नसल्याचं वाक्य आणि देखभालीची हमी: ही पाच कलमं तपासा. पोहोच रस्त्याचा ठराव वेगळा, त्यात लांबी मीटरमध्ये आणि "कुठून कुठपर्यंत". "पाटलाच्या वाड्यापासून नदीपर्यंत" असं लिहिलं तरी बिघडत नाही, पण दोन्ही टोकं नकाशावर दाखवता आली पाहिजेत.

इतिवृत्ताच्या वहीत मध्ये कोरी पानं किंवा ओळी सोडू देऊ नका. सभा संपताच त्याखाली रेघ, तारीख आणि सह्या. ठरावाची प्रत लगेच मागून घ्या. वही "घरी राहिली" की ठरावाचे शब्द बदलतात.

## ५. अंदाजपत्रक

शाखा अभियंत्याने जागेवर येऊन मोजमाप घेतलं पाहिजे. कार्यालयात बसून जुन्या अंदाजपत्रकातलं गावाचं नाव बदलून दिलेला कागद हा पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ असतो. सरपंचाने किंवा जाणत्या सदस्याने त्या दिवशी टेप धरायला सोबत जावं.

सिमेंट रस्त्याचं अंदाजपत्रक वाचताना तीन ओळी शोधा.

पहिली, काळी माती काढून मुरुमाचा थर देण्याची बाब. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं की दुसऱ्या पावसाळ्यातच स्लॅब मधोमध तडकतो. किती खोल खोदायचं हे अभियंता ठरवेल, पण ही बाब अंदाजपत्रकात नसेल तर सहीच्या आधी विचारा.

दुसरी, नाली. रस्त्याच्या कडेला पाणी साचलं की तेच पाणी स्लॅबखालच्या मातीत उतरतं. रस्ता आहे आणि नाली नाही, असं काम पुढच्या पंचवार्षिकला पुन्हा मागावं लागतं.

तिसरी, जाडी. इथे गावाला स्वतः हिशेब करता येतो. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. एम-२० दर्जाच्या, १:१.५:३ प्रमाणाच्या काँक्रीटला घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट. म्हणजे ३६० पोती. हीच जाडी १० सेंटीमीटरवर आणली तर ३० घनमीटर आणि २४० पोती. वरून बघताना फरक दिसत नाही, पण १२० पोती कमी गेलेली असतात. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी कडेच्या साच्याची उंची आणि मधल्या भागाची खोली तीन-चार ठिकाणी पट्टीने मोजा आणि रिकामी पोती मोजायला एक माणूस बसवा.

एकूण रकमेत जीएसटी, कामगार उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन, चाचणी खर्च असतो. ५ लाखांचं काम म्हणजे जागेवर ५ लाखांची खडी-सिमेंट नव्हे. ग्रामसभेत हे आधीच सांगून टाका, पुढचे गैरसमज टळतात.

## ६. प्रस्तावाची फाईल

या क्रमाने लावा, पानांवर क्रमांक घाला, तीन प्रती करा:

1. गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे विनंतीपत्र, ग्रामपंचायतीच्या जावक क्रमांकासह
2. ग्रामसभेचा ठराव, प्रमाणित प्रत
3. मासिक सभेचा ठराव
4. जागेचा सात-बारा किंवा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा, गट नकाशा. गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. दान असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि फेरफार
5. रस्त्यासाठी नमुना २३ चा उतारा
6. अंदाजपत्रक, स्थळदर्शक नकाशा आणि आराखडा
7. जागेचे सध्याचे फोटो, अक्षांश-रेखांशासह
8. दुबार काम नसल्याचा दाखला
9. देखभाल-दुरुस्तीचं हमीपत्र
10. लोकसंख्येचा दाखला, २०११ च्या जनगणनेप्रमाणे
11. वस्तीच्या योजनेसाठी बृहत् आराखड्याचा उतारा

फाईल कुणाच्या हाती "देऊन" येऊ नका. आवक-जावक टेबलावर नोंदवा आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

## ७. कधी द्यायची, आणि "दायित्व" म्हणजे काय

पंचायत समितीतून फाईल जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागाकडे जाते. तांत्रिक मान्यता अभियंते देतात, ती कामाच्या बिनचूकपणाची. प्रशासकीय मान्यता ही खर्चाला होकार देणारी. दोन्ही लागतात.

पुढच्या वर्षाच्या जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा साधारण जानेवारीच्या सुमारास जिल्हा नियोजन समितीपुढे येतो. त्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आत, प्रस्ताव वर पोचलेला असावा. एप्रिल-मेमध्ये फाईल घेऊन जाणारं गाव रांगेत मागे पडतं.

"यंदा दायित्वच जास्त आहे" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. त्याचा हिशेब समजून घ्या. समजा एका शीर्षाला जिल्ह्यात १० कोटी नियतव्यय, म्हणजे वर्षासाठी ठरवून दिलेला निधी, आहे आणि मागच्या वर्षांच्या अपूर्ण कामांचे ७ कोटी द्यायचे आहेत. ते दायित्व. उरलेल्या ३ कोटींच्या दीडपट, म्हणजे साडेचार कोटींच्या नव्या कामांना मान्यता देता येते. दायित्व जितकं जास्त, तितकी नव्या कामांना जागा कमी. म्हणून आपल्याच गावाचं जुनं रखडलेलं काम पूर्ण करून देणं हा नवं काम मागण्यातला महत्त्वाचा भाग आहे.

जिल्हा परिषदेला या योजनेचा निधी खर्चायला दोन आर्थिक वर्षं मिळतात. तरीही मान्यता मिळाल्यावर कार्यारंभ आदेशाला उशीर करू नका. मध्ये निवडणूक लागली तर आचारसंहितेत नवं काम सुरू करता येत नाही. जागेवर सुरू झालेलं काम मात्र चालू राहतं.

## ८. काम चालू असताना

कामाचा फलक लावा: नाव, योजना, रक्कम, मुदत, ठेकेदार. फलक शेवटी फोटोपुरता लावला जातो, तो पहिल्या दिवशी लागला पाहिजे.

मोजमाप वहीत नोंद होते त्या दिवशी हजर राहा. झाकली जाणारी कामं, म्हणजे पायाची खोदाई, मुरूम, सळई, झाकायच्या आधीच मोजली जातात. त्याआधी फोटो काढा. काँक्रीटवर किमान १४ दिवस पाणी हवं. मार्च-एप्रिलमध्ये गावात प्यायला पाणी नसतं तेव्हा हे टँकरवर चालतं किंवा चालतच नाही. त्यामुळे काँक्रीटची कामं शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत उरका.

सदस्यांसाठी तीन धोके, तिन्ही कलम १४ मधले. ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असला तर सदस्यत्व जाऊ शकतं. भावाच्या नावाने काम घेऊन ट्रॅक्टर आपला लावणं हे त्यातच येतं. घरपट्टीचं मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत न भरणं, हा दुसरा. सरकारी जागेवर अतिक्रमण, हा तिसरा. कामाला विरोध असणारा माणूस आधी हीच तीन कागदपत्रं काढतो.

आणि डिजिटल सही. ई-ग्रामस्वराजवर देयक काढताना ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच, दोघांच्या सह्या लागतात. सरपंचाची पेनड्राइव्हसारखी ती की संगणक ऑपरेटरकडे किंवा इतर कुणाकडे ठेवू नका, पासवर्ड सांगू नका. ती म्हणजे सही केलेलं कोरं चेकबुक आहे. महिला सरपंचांच्या बाबतीत ही की घरातल्या पुरुषाच्या खिशात सापडते, आणि चौकशीची नोटीस मात्र ताईंच्या नावाने येते. ताई, की तुमच्या कपाटात ठेवा आणि देयकाची रक्कम मोजमाप वहीशी जुळवूनच सही करा.

## ९. फाईल अडकली तर

आधी "त्रुटी काय?" हे लेखी मागा. तोंडी सांगितलेली त्रुटी दर फेरीला बदलते. लेखी आलेल्या त्रुटींची एकाच वेळी पूर्तता करून पुन्हा आवक क्रमांक घ्या.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. "आमचं काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. असं विचारा: "आवक क्र. —— दि. —— च्या प्रस्तावावर आजपर्यंत झालेल्या टिपणीच्या आणि पत्रव्यवहाराच्या छायांकित प्रती द्याव्यात." प्रती हातात आल्या की फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे ते तारखेसह दिसतं.

गावातल्याच खर्चाबद्दल शंका असेल तर लेखापरीक्षणाचा अहवाल मागा. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाचे आक्षेप आणि त्यांच्या पूर्ततेची नमुना २७ ची विवरणं ग्रामपंचायतीतच असतात.

## १०. काम झाल्यावर

पूर्णत्वाचा दाखला, आधीचे-मधले-नंतरचे फोटो, अंतिम मोजमाप आणि उपयोगिता प्रमाणपत्र. उपयोगिता प्रमाणपत्र वर गेलं नाही तर ते काम दप्तरी अपूर्णच राहतं आणि पुढचा हप्ता त्यावर अडतो.

त्याच आठवड्यात शेडची नोंद नमुना २२ म्हणजे स्थावर मालमत्तेच्या वहीत आणि रस्त्याची नोंद नमुना २३ मध्ये करून घ्या, आणि दोन्ही पानांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पाच वर्षांनी पत्रे उडाले आणि दुरुस्तीला पैसे मागायची वेळ आली, की पहिला प्रश्न हाच येतो: मालमत्ता नोंदवहीत कुठे आहे?